बारातली बोलकी खुर्ची

“हॅलो… हॅलो? अहो, जरा मोठ्यानं बोला. हॅलो?”

मावशीने नवाकोरा फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला, पुन्हा डाव्यावर घेतला, उलटा धरून पाहिला, आणि शिवणयंत्रावर आपटता आपटता राहिली.

“सकाळपासून हा चौथा फोन. वाजतो झकास, पण उचलला की मुका! काल घेतला आणि आज नाटकं सुरू.”

“मावशी, मी बघू?” घारीने विचारलं.

“तू खिळे बघ. अजून दोन जुन्या खुर्च्या उपसायच्या राहिल्यात तुझ्या.”

घारीने निमूटपणे हातातलं हत्यार पुन्हा खिळ्याखाली घातलं. या हत्याराच्या टोकाला दोन दात होते, म्हणून मुलांनी त्याचं नाव ‘दोनदाती’ ठेवलं होतं. सुट्टीला मावशीकडे आल्यापासून घारीने या दोनदातीने आठशे चौदा खिळे उपसले होते. ती ते मोजून ठेवत होती. शाळा सुरू झाल्यावर वर्गात सांगायला काहीतरी नको का?

घारी बारा वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, बाकी सगळ्या जगात ती घारीच, डोळ्यांमुळे. तिचा मोठा भाऊ लांब्या चौदाचा. नावाचं कारण वेगळं सांगायला नको. आणि मावशीची मुलगी टिकली आठ वर्षांची, एवढीशी. ती खुर्चीखाली, टेबलाखाली, पोत्यामागे कुठेही मावायची, त्यामुळे ती नेमकी कुठे आहे हे घरात कोणालाच कधी माहीत नसायचं.

मावशीचं दुकान खुर्च्या आणि सोफे मढवायचं. वीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या दुकानांत हाताला घट्टे पाडून घेतले होते. हे दुकान तिचं स्वतःचं होतं, आणि त्याला जेमतेम सात महिने झाले होते. गावातल्या मोठ्या वाचनालयाने आपल्या अठ्ठेचाळीस जुन्या खुर्च्यांपैकी बारा तिच्याकडे पाठवल्या होत्या, हात बघायला म्हणून. आज पाच वाजता वाचनालयाच्या ग्रंथपालबाई त्या पाहणार होत्या. पसंत पडल्या तर उरलेल्या छत्तीसही मावशीकडेच येणार. आणि नाही पडल्या तर? तर दुकानाचं दार लावायचं आणि पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली जायचं. हे मावशी मुलांना बोलली नव्हती, पण घारीने तिला काल स्वयंपाकघरात टिकलीच्या बाबांशी बोलताना ऐकलं होतं.

बाराही खुर्च्या तयार होत्या. गर्द हिरव्या, टंच, एका रांगेत उभ्या.

“आई,” टिकली त्या रांगेमागून बाहेर आली. “खुर्ची माझ्याशी बोलली.”

“बरं झालं. तूही तिच्याशी बोल आणि मला काम करू दे.”

“खरंच बोलली. बाईच्या आवाजात. म्हणाली, पाच नाही, तीन वाजता. तीन वाजता अध्यक्ष यायचेत.”

लांब्या खो खो हसला. “आणि टेबल काय म्हणालं? तेही येणारे का?”

टिकलीने नाक फेंदारलं. “हसा. सगळे हसा. मी खोटं बोलत नाही.”

तेवढ्यात कोपऱ्यातून “हं!” असा हुंकार आला. हे खिळेकाका. मावशीचे एकुलते एक मदतनीस, वय साठीच्या पुढे. काम करताना ते मूठभर बारीक खिळे ओठांत धरायचे. एकेक खिळा जिभेने पुढे आणायचा, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. हातोडी कधी चुकत नसे. मात्र तोंड भरलेलं असल्यामुळे दिवसभर त्यांचं बोलणं दोनच शब्दांत चालायचं. ‘हं’ म्हणजे हो, आणि ‘उंहूं’ म्हणजे नाही, गप्प बस आणि हात लावू नकोस.

आत्ता मात्र त्यांनी सगळे खिळे तळहातावर काढले. म्हणजे गोष्ट गंभीर होती.

“खुर्च्या बोलत नाहीत. बोलतो तो माझा स्पीकर, आणि तो सकाळपासून गायब आहे. पोरांनी नेलाय. मी काय ओळखत नाही का तुम्हाला?”

“आम्ही हातसुद्धा लावला नाही,” घारी म्हणाली.

“मग त्याला पाय फुटले?”

काकांचा स्पीकर म्हणजे बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढा गोल ठोकळा. फोन खिशात आणि स्पीकर फळीवर, अशी जुनी गाणी ऐकत ते काम करायचे. काका चहाला गेले की त्यांच्या खिशातला फोनही जायचा, आणि मागे एकटा राहिलेला स्पीकर दर पाच मिनिटांनी “डुंग डुंग!” असा गळा काढायचा. मग त्यातली बाई इंग्रजीत काहीबाही सांगायची. काका परत आले की पुन्हा गप्प. टिकली म्हणायची, त्याला एकटं करमत नाही.

“संध्याकाळपर्यंत तो सापडला नाही,” मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “तर उद्यापासून तिघांनी दुकानात पाऊल टाकायचं नाही. आज माझ्या डोक्याला आधीच…”

तिचं वाक्य पुरं झालंच नाही, कारण दारात टेम्पो येऊन उभा राहिला.

“चला, खुर्च्या द्या!” टेम्पोवाल्याने उडी मारली.

“आत्ता? अहो, पाचला दाखवायच्यात ना?”

“वाचनालयातून मला फोन आला. तुम्हालाही केला म्हणे, पण तुम्ही उचलून बोलतच नाही. पाच नाही, तीन वाजता. अध्यक्ष यायचेत.”

घारीचा हात जागच्या जागी थांबला. तिने टिकलीकडे पाहिलं. टिकलीने दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि हनुवटी वर केली, अगदी आईसारखी.

मग एकच धांदल उडाली. मावशीने केस सारखे केले आणि खुर्च्यांवरून कापड फिरवलं. काका आणि टेम्पोवाल्याने बाराही खुर्च्या भराभर चढवल्या. मावशी पुढे टेम्पोवाल्याशेजारी चढली. जाता जाता तिने फोन दोऱ्यांच्या खणात फेकला. “हे डबडं राहू दे इथेच. संध्याकाळी ज्याचं त्याला परत.”

टेम्पोवाला अजून मागे दोर बांधत होता, तोवर घारीने खणाकडे धाव घेतली.

“लांब्या, खरं सांग. सकाळी मावशीला फोन शिकवताना तू काय काय केलंस?”

“काही नाही. नंबर भरून दिले, फोटो कसे काढायचे ते दाखवलं, ब्लूटूथ दाखवलं.”

“ब्लूटूथ? कशाशी जोडलंस?”

“काकांच्या स्पीकरशी. काका चहाला गेले होते ना, तो डुंग डुंग करत होता. मावशीला म्हटलं, बघ, हे ब्लूटूथ चालू केलं की आसपास जोडता येण्यासारखं काय काय आहे त्याची यादी येते. यादीत ‘बूमबूम’ दिसलं. त्यावर बोट ठेवलं, जोडलं. तारेबिरेची गरज नाही. मग गाणं लावलं, ते कोपऱ्यातून वाजलं. मावशी खूश झाली. बस.”

“कोपऱ्यातून म्हणजे कुठून? फळीवरून?”

लांब्या डोकं खाजवू लागला. “फळीवर… नव्हता बहुतेक. खुर्च्यांच्या बाजूने आवाज आला. मी कशाला बघायला जाऊ?”

“आणि नंतर सोडवलंस का?”

“काय?”

“ब्लूटूथ, शहाण्या!”

लांब्याचा चेहरा उतरला. घारीने फोनचा पडदा उघडला. वरच्या कोपऱ्यात दोन त्रिकोण एकमेकांना चिकटवल्यासारखी ती छोटी खूण दिसत होती. तिने त्यावर बोट ठेवलं. ‘बूमबूम, जोडलेले.’

“म्हणजे मावशीचा फोन बिघडलेला नाहीच,” घारी सावकाश म्हणाली. “फोन आला की समोरच्याचा आवाज तिच्या कानात यायच्या ऐवजी स्पीकरमध्ये जातोय. ग्रंथपालबाई तीन वाजता म्हणाल्या, ते स्पीकरमधून. आणि टिकलीने ऐकलं ते…”

“खुर्चीतून,” टिकली म्हणाली. “मी सांगत होते.”

आणि त्याच क्षणी टेम्पो दारातून निघाला, दोन दुकानं पुढे गेला आणि पडद्यावरची अक्षरं बदलली. ‘जोडणी तुटली.’

तिघेही त्या अक्षरांकडे बघत राहिले. ब्लूटूथचा हात काही फार लांब पोहोचत नाही. दहा-पंधरा पावलं, मध्ये भिंत आली तर त्याहून कमी. टेम्पो गेला आणि जोडणी तुटली, म्हणजे स्पीकरही टेम्पोबरोबर गेला. बारातल्या एका खुर्चीच्या पोटात बसून!

“काका!” लांब्या ओरडला. “तुमचा स्पीकर खुर्चीत आहे. तुम्ही खुर्ची मढवताना तो आत राहिलाय.”

खिळेकाकांनी तोंडात नुकतेच खिळे भरले होते. ते थांबले. कपाळावर आठ्या चढल्या. मग त्यांनी ठाम मान हलवली.

“उंहूं.”

“आठवून बघा ना, काका.”

“उंहूं!”

चाळीस वर्षांत आपल्या हातून एक खिळा वाकडा गेला नाही, असं सांगणारा माणूस. त्याला कसं पटावं, की त्याने आख्खा स्पीकर खुर्चीत मढवलाय?

“जाऊ दे,” लांब्या म्हणाला. “आपण या फोनवरचं ब्लूटूथ बंद करून टाकू. मग खुर्चीतून बोलणं यायचा प्रश्नच नाही.”

“वा रे हुशार! एकटा पडला की तो काय करतो? डुंग डुंग! दर पाच मिनिटांनी. आणि कुठे? वाचनालयात.”

वाचनालयाच्या शांततेबद्दल गावात गोष्टी सांगत. म्हणे एकदा एकाला शिंक आली, तर ग्रंथपालबाईंनी त्याला बाहेर जाऊन शिंकून यायला सांगितलं. तिथे मावशीची खुर्ची गळा काढणार, तेही अध्यक्षांसमोर. मग कुठल्या छत्तीस आणि कुठलं दुकान! घारीने दोनदाती खिशात घातली.

“जोडलेला असला की तो गप्प राहतो. हा फोन त्या खुर्च्यांपाशी न्यायचा. पळा!”

तिघं पळाली. लांब्या पुढे, घारी मध्ये आणि टिकली मागून “थांबा ना रे” करत. बेकरीला वळसा, सायकलच्या दुकानामागची बोळ, पोस्टाच्या पायऱ्या, आणि समोर वाचनालय. दारात टेम्पोवाला नळावर तोंड धूत होता.

“मुलांनो, मागे कोणी बसलं होतं का रे माझ्या गाडीत?” त्याने हलक्या आवाजात विचारलं. “दोनदा गाडी थांबवून बघितलं. कोणी नाही. आणि बाई इंग्रजीत बोलतेय. तुमच्या मावशीला विचारलं, तर त्या म्हणाल्या, हॉर्न बिघडला असेल. हॉर्न इंग्रजी बोलतो का?”

लांब्याने तोंडावर हात दाबला. घारीने त्याला ओढतच आत नेलं.

भिंतीवर भली मोठी पाटी होती. ‘शांतता राखा.’ आत वाचन दालन. उंच खिडक्या, दोन लांबलचक टेबलं, आणि त्यांच्याभोवती मावशीच्या बारा हिरव्या खुर्च्या. चार-पाच आजोबा जुन्या बाकांवर वर्तमानपत्रं वाचत होते. भिंतीवर पुरुषभर उंचीचं लोलकाचं घड्याळ होतं, आणि त्याची टक टक सोडली तर आवाज म्हणून नव्हता. घड्याळात पावणेतीन वाजले होते. पलीकडच्या काचेच्या खोलीत मावशी ग्रंथपालबाईंसमोर बसली होती. पाठ ताठ आणि हात मांडीवर. 

फोनवर अक्षरं आली. ‘बूमबूम, जोडलेले.’ घारीने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच आवाज अगदी तळाला नेला.

“आता गप्प बसेल,” ती कुजबुजली. “पण बारातली कुठली? सगळ्या दहा पावलांच्या आत आहेत. फोन एवढंच सांगतो की जवळ आहे. कुठे आहे ते आपल्यालाच शोधायचंय.”

“गाणं लावू हळूच. कान लावून ऐकू,” लांब्या म्हणाला.

“इथे? वर्तमानपत्रवाले आजोबा खाऊन टाकतील.”

“मग काय, स्पीकरला विनंती करायची का? बाबा रे, हात वर कर.”

घारी ओठ चावत उभी राहिली. टक टक, टक टक. इथे चालेल असा आवाज कुठला? जो झाला तरी कोणी मान वर करणार नाही? टक टक, टक टक. आणि तिचे घारे डोळे एकदम चमकले.

ती भिंतीशी गेली. फोन घड्याळाजवळ धरून तिने दोन मिनिटं त्याची टकटक भरून घेतली. लांब्याने आधी भुवया उडवल्या, मग त्याला उमगलं, आणि त्याने बहिणीच्या पाठीवर अशी थाप मारली की एका आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“टिकली,” घारी तिच्या कानाशी लागली, “मी हे टेबलाशी उभी राहून वाजवते. तू खालून जा. घड्याळ भिंतीवर आहे. कुठल्या खुर्चीत दुसरं घड्याळ आहे ते शोध.”

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी टिकलीला टेबलाखाली जायला सांगत होतं. ती क्षणात दिसेनाशी झाली.

घारीने बटण दाबलं. भरून घेतलेली टकटक हलकेच सुरू झाली. कुठून येते ते उभं राहून कळतच नव्हतं, आणि आजोबांपैकी एकानेही पान उलटायचं थांबवलं नाही. टेबलाखालून टिकलीची वेणी एका खुर्चीपाशी दिसली, मग दुसऱ्या, मग पाचव्या. पहिलं टेबल संपलं. दुसऱ्याचं एक, दोन, तीन. तिसरीपाशी वेणी थांबली. मग टेबलाखालून एक छोटासा हात आला आणि त्याने वर बोट दाखवलं.

पण आता काय करायचं? त्या खुर्चीवर कोणीतरी बसलं होतं. पांढरे केस, काळा कोट, आणि छातीवर टेकलेली हनुवटी.

“अध्यक्ष,” भिंतीवरच्या फोटोखालची ओळ वाचून लांब्या पुटपुटला. “टिकलीच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक. लवकर आले वाटतं. झोपलेत.”

“त्यांना उठवायचं कसं?”

“मी नाही बाबा. मुख्याध्यापकांना झोपेतून उठवायचं? जन्माची शिक्षा होईल.”

घड्याळात तीनला सात कमी होती. काचेच्या खोलीत ग्रंथपालबाई उठून चष्मा पुसू लागल्या. घारीच्या कपाळावर घाम आला. आणि तेवढ्यात स्पीकरनेच काम केलं, अगदी नको होतं तसं. सकाळपासून चालू राहून त्याचा जीव संपत आला होता. अध्यक्षांच्या बुडाखालून एक बाई गोड आवाजात म्हणाली, “बॅटरी लो. प्लीज चार्ज.”

अध्यक्षांनी डोळे उघडले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोर घारी पुतळा होऊन उभी.

“तू बोललीस का, बाळ?”

“नाही, सर.”

“हं. मग आतूनच आवाज आला म्हणायचा.” ते उठले आणि कोट झटकला. “बरोबरच आहे. दुपारचा चहा झाला नाही की माझं असं होतं.” आणि ते सरळ चहाच्या खोलीकडे चालू लागले.

लांब्या पोट धरून टेबलाला टेकला. घारीला हसायलाही वेळ नव्हता. तिने खुर्ची आडवी केली. खाली काळं कापड बारीक खिळ्यांनी ठोकलेलं होतं. दोनदाती आत घातली. एक, दोन, तीन, चार. एकही खिळा उडाला नाही, कापड कुठे फाटलं नाही. आठशे खिळे फुकट गेले नव्हते. एक बाजू सुटली. आत आडव्या-उभ्या पट्ट्यांची घट्ट वीण होती. त्यातून तिचा हात जाईना, लांब्याचा तर प्रश्नच नव्हता. टिकलीने बाही वर केली, पट्ट्यांमधून हात खांद्यापर्यंत घातला, जीभ बाहेर काढून चाचपडली.

“सापडला,” ती म्हणाली, आणि बूमबूम बाहेर आला. घारीने त्याचं बटण दाबून त्याला एकदाचा गप्प केला.

“छान. आणि हे काय चाललंय?”

ग्रंथपालबाईंच्या बुटांना रबरी तळवे होते. त्या आल्या कधी हे कळलंच नव्हतं. त्यांच्यामागे मावशी उभी होती. पहाटेपर्यंत जागून केलेली तिची खुर्ची आडवी पडली होती, खालचं कापड लोंबत होतं. मावशीचा चेहरा पांढरा पडला.

“ते… चेंडू,” लांब्या चाचरला. “आमचा चेंडू गेला होता…”

“नाही,” घारी मध्येच म्हणाली. तिला मावशीकडे बघून खोटं ऐकवेना. “चेंडू नाही. या खुर्चीत स्पीकर राहिला होता. फोन आमच्या हातून त्याला जोडलेला राहिला, म्हणून मावशीला तुमचे फोन ऐकू आले नाहीत. तुम्ही बोललात ते सगळं खुर्चीला ऐकू आलं. इथे तो ओरडला असता आणि तुम्ही मावशीला उरलेलं काम दिलं नसतं. म्हणून आम्ही न विचारता उघडलं. मावशीची यात काहीच चूक नाही. ओरडायचं तर आम्हाला ओरडा.”

बोलता बोलता तिला रडू फुटलं. लांब्याने मान खाली घातली.  मावशी पुढे आली आणि तिने घारीला जवळ ओढलं.

 ग्रंथपालबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, साडी आवरली आणि चक्क जमिनीवर गुडघे टेकले. उघड्या खुर्चीत त्यांनी डोकावून पाहिलं. मग बोटाने एक पट्टी ताणून पाहिली, दुसरी पाहिली, मग आतल्या स्प्रिंगा.

“या पट्ट्या दुहेरी आहेत?” त्यांनी विचारलं.

“हो,” मावशी कशीबशी म्हणाली.

“आणि प्रत्येक स्प्रिंग चारी बाजूंनी दोऱ्याने बांधलीय?”

“आठ बाजूंनी. चार बाजूंनी बांधली तर दोन वर्षांत कलते.”

“पण हे तर कोणाला दिसणारच नव्हतं.”

“दिसलं नाही तरी बसणाऱ्याला कळतं,” मावशी म्हणाली.

ग्रंथपालबाई उठल्या. “गेल्या वेळी ज्यांनी या खुर्च्या केल्या, त्यांनी आत भुसा आणि वर्तमानपत्रं भरली होती. वरून कापड मात्र झकास होतं, आणि मी वरूनच पाहून पसंत केल्या. आजही वरूनच पाहणार होते.” त्या मुलांकडे वळल्या. “न विचारता खुर्ची उघडलीत, हे चूकच. पण तुम्ही उघडली नसती तर मला हे काम दिसलं नसतं. आणि कापडाला एकही भोक पाडलं नाहीत. कोणी काढले हे खिळे?”

घारीने दोनदाती वर केली.

तेवढ्यात दाराशी धापा ऐकू आल्या. खिळेकाका! बिचारे दुकानापासून पळत आले होते, आणि ओठांत खिळे अजून तसेच होते. समोर आडवी खुर्ची आणि टिकलीच्या हातात स्पीकर बघून त्यांनी सगळे खिळे तळहातावर काढले.

“चूक माझी,” ते म्हणाले. “तुम्ही पळालात आणि मग मला आठवलं. खुर्चीच्या पोटात ठेवला की गाणं चांगलं घुमतं, म्हणून सकाळी खालचं कापड ठोकण्याआधी मीच पट्ट्यांच्या फटीतून आत सरकवला. चहाहून आलो आणि विसरून कापड ठोकून टाकलं. मग गाणं लागेना, म्हणून फळीवर शोधला आणि पोरांवर आळ घेतला. चाळीस वर्षांचा हात, पण डोकं म्हातारं झालं. पोरांनो, माफ करा.”

लांब्या म्हणाला, “काका, फोन जोडून ठेवून विसरलो ते मीच. अर्धी चूक माझी.”

“मग अर्धे खिळे तू ठोक,” काका म्हणाले, आणि लगेच खाली बसून खुर्चीचं कापड परत लावू लागले. काम हातात आलं, खिळे तोंडात गेले, आणि काका पुन्हा मुके झाले.

चहा पिऊन ताजेतवाने झालेले अध्यक्ष परत आले. त्यांनी सगळी हकिगत ऐकली. आपण कशावर बसलो होतो हे कळल्यावर त्यांचे पांढरे केस हसून हसून हलू लागले, आणि वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी एकजात माना वर केल्या. “घड्याळाचाच आवाज घड्याळात लपवला! माझ्या शाळेत असतीस, तर तुला पहिल्या बाकावर बसवलं असतं.”

“मी टेबलाखाली बसले असते,” टिकली म्हणाली.

“उरलेल्या छत्तीस सोमवारी पाठवते,” ग्रंथपालबाई मावशीला म्हणाल्या. “एकच अट. त्या मुक्या हव्यात.”

मावशीने नुसती मान हलवली. 

मग घारीने तिला तिचा फोन परत दिला, आणि तिथेच उभ्या उभ्या शिकवलं. ही दोन त्रिकोणांची खूण. ती अशी विझलेली असली की ब्लूटूथ बंद आणि आवाज तुझ्या कानात. चालू असेल तर आधी बघायचं, आपण कोणाशी जोडलेलो आहोत. काम झालं की सोडवायचं.

“म्हणजे पाहुण्यासारखं,” मावशी म्हणाली. “बोलावलं तर निरोपही द्यायचा.”

आणि फोन वाजला. दालनातल्या प्रत्येकाने, अध्यक्षांनी, ग्रंथपालबाईंनी, अगदी वर्तमानपत्रवाल्या आजोबांनीसुद्धा आधी खुर्च्यांकडे पाहिलं. खुर्च्या गप्प होत्या. मावशीने भीत भीत फोन कानाला लावला. तिचे डोळे मोठे झाले.

“येतंय ऐकू,” ती म्हणाली. टिकलीचे बाबा होते, सकाळपासून चौकशी करत होते. “अहो, छत्तीस. काय? हो, छत्तीस! सगळ्या!”

शेवटचा शब्द चांगलाच मोठ्याने गेला. दालनात घुमला. ग्रंथपालबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, मग क्षणभर विचार केला, आणि हात खाली घेतला.

“आजच्या दिवस,” त्या हसून म्हणाल्या, “बोला इथेच.”